हाकेला ओ

१

सोमवारी सकाळी साडेनऊला नेत्रपेढीच्या डॉक्टरीणबाईंनी शीतकपाटाचं दार उघडलं आणि रोज हाताला लागणारा गारवा लागला नाही. कपाटात चौदा बाटल्या होत्या. प्रत्येक बाटलीत, कुणीतरी जाताना मागे ठेवून गेलेला, डोळ्यावरचा तो पारदर्शक पापुद्रा. चौदा जण देऊन गेले होते, चौदा जण वाट बघत होते, आणि मधे हे कपाट होतं. ते रविवारी सकाळी अकराला बंद पडलं होतं.

कपाटाशेजारच्या टेबलावर संगणक, आणि त्यात 'राखण' नावाचा प्रोग्राम. राखणला जगात एकच काम: कपाटाचं तापमान बघत राहायचं आणि ते आठ अंशांच्या वर गेलं की बोंब ठोकायची. एरवी स्क्रीनच्या कोपऱ्यात, घड्याळाशेजारी, त्याचा हिरवा ठिपका बसलेला असतो. धोका दिसला की ठिपका लाल होतो, हातातलं काम झाकून टाकणारी खिडकी उघडते आणि संगणक असा किंचाळतो की बहिऱ्यानेही दचकावं. रविवारी त्याच टेबलाशी एक परिचारिका संध्याकाळी सहापर्यंत बसून होती. तिने चार-पाच वेळा ठिपक्याकडे पाहिलं होतं. हिरवा होता. सोमवारीही हिरवाच होता; अगदी टवटवीत.

डॉक्टरीणबाईंनी राखणची नोंदवही उघडली. दर पाच मिनिटांनी तापमान लिहिलेलं होतं, इमानेइतबारे. नऊ. बारा. सोळा. बावीस. आणि आठाच्या वरच्या प्रत्येक आकड्यापुढे: 'धोका. सूचना दिली.'

अशी सूचना रविवारपासून दोनशे साठ वेळा दिली गेली होती. कुणाला दिली, ते मात्र लिहिलेलं नव्हतं.

२

राखण बनवणारी कंपनी एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर होती. माणसं अठरा, खिडक्या चार, आणि त्यांपैकी तीन साहेबांच्या खोलीत. दुपारी साहेबांनी त्या खोलीत मास्तरांना बोलावलं.

मास्तरांनी आयुष्यात एक दिवसही शाळेत शिकवलं नव्हतं. ते कंपनीची माहितीपुस्तकं लिहायचे: राखण कसं बसवावं, कसं वापरावं, कसं तपासावं. बावीस वर्षांपूर्वी, नोकरीच्या दुसऱ्याच आठवड्यात, त्यांनी साहेबांच्या सहीचं एक परिपत्रक लाल पेनाने दुरुस्त करून साहेबांनाच परत पाठवलं होतं. नोकरी टिकली, नाव चिकटलं.

"मास्तर, हा तपास तुम्ही करायचा," साहेब म्हणाले.

"मी? मला कोडमधलं ओ की ठो कळत नाही."

"म्हणूनच. ह्या ऑफिसात कोडला हात न लावणारा एकटा तुम्ही. म्हणजे संशय न घेता येणारा एकटा तुम्ही. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत अहवाल हवा. एक प्रत नेत्रपेढीला, एक नियामक मंडळाला. भाषा जरा वजनदार ठेवा. आणि शेवटी जबाबदार व्यक्तीचं नाव."

"कोण आहे जबाबदार?"

"ते तुम्ही शोधायचं," साहेब म्हणाले, आणि टेबलावरचा एक कागद मास्तरांकडे फिरवला. "सही चाचणीताईंची आहे, एवढं मी सांगून ठेवतो. म्हणजे शोधायला सोपं जाईल."

राखणची नवी आवृत्ती बाजारात जाण्याआधी ती तपासायची आणि 'सूचना वाजते' ह्या ओळीपुढे सही करायची, हे चाचणीताईंचं काम. अशी सही करायला मंडळाचा नोंदणी क्रमांक लागतो. मंडळाच्या कागदावर निष्काळजीपणाचा ठपका बसला, तर क्रमांक पाच वर्षं गोठतो, आणि क्रमांक नसलेल्या चाचणीवाल्याला कुणी दारात उभं करत नाही. ताईंच्या घरी सासू आणि दोन मुली त्या सहीवर जेवत होत्या.

मास्तर कागद घेऊन बाहेर आले. त्यांना ताईंबद्दल आणखी एक गोष्ट ठाऊक होती, जी साहेबांना नव्हती. त्यांनी लिहिलेली पुस्तकं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारी ती जगातली एकमेव व्यक्ती होती.

३

"वाजला," चाचणीताई म्हणाल्या. "तीन वेळा वाजवला. तिसऱ्या वेळी पलीकडच्या टेबलावरून शिवी आली, एवढा वाजला."

"हीच आवृत्ती? नेत्रपेढीत गेली तीच?"

"तीच. शिक्क्यासकट."

"कुठल्या मशीनवर?"

"स्वच्छ मशीनवर. आधी कधी राखण न बसवलेल्या. पान एकोणचाळीस: 'प्रत्येक चाचणी कोऱ्या मशीनवर करावी, म्हणजे जुन्या आवृत्तीचे अवशेष निकालात लुडबुड करणार नाहीत.' लुडबुड हा शब्द मला फार आवडला होता."

मास्तरांना तेवढ्यातही बरं वाटलं. लुडबुड त्यांनी विचार करून घातला होता.

"मास्तर, माझं नाव जाणार ना अहवालात?"

"अजून काही ठरलेलं नाही."

"तुमच्या चेहऱ्यावर ठरलंय," ताई म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

पुढचं टेबल मुखवटेवाल्याचं. तिशीचा, हुशार, आणि आपण हुशार आहोत ही बातमी त्याला फार लवकर लागलेली. साहेबांचा मेहुणा दोन वर्षांपूर्वी कंपनी सोडून गेला होता तो राखणची एक प्रत खिशात घालून. त्याने ती उघडली, आतलं कोड वाचलं आणि सहा महिन्यांत 'पहारा' नावाने तेच दुकान समोरच्या रस्त्याला थाटलं. तेव्हापासून साहेबांच्या घरी बायको माहेरचं नाव काढत नव्हती आणि ऑफिसात मुखवटेवाल्याची नेमणूक झाली होती.

"सोपं आहे," तो मास्तरांना म्हणाला, म्हणजे मास्तरांना कळणार नाही असं गृहीत धरून. "प्रोग्राममधल्या प्रत्येक भागाला एक नाव असतं. वाचलं की कळतं, हा तापमान मोजतो, हा नोंद ठेवतो. माझं यंत्र ती नावं पुसून नुसते अ१, ब७ असे मुखवटे चढवतं. आतले एकमेकांना नव्या नावाने ओळखतात, काम चालू राहतं. चोराने उघडलं तर त्याला नुसता ठणठणाट."

"सगळ्यांनाच मुखवटे?"

"नाही. काही भागांना बाहेरचे लोक नावाने बोलावतात. त्यांचं नाव बदललं तर बाहेरच्याला सापडणार कसे? त्यांची वेगळी यादी आहे, वगळयादी. त्यातल्या नावांना माझं यंत्र शिवत नाही."

"यादीत कुणी सुटलं नाही ना?"

"अण्णांनी जाताना अकरा नावं सांगितली होती. अकरा आहेत. मोजून घ्या."

मास्तरांनी स्क्रीनवर बोट फिरवत मोजली. दहा नावं इंग्रजी. इंग्रजीशी मास्तरांचं देणंघेणं नव्हतं. अकरावं आपल्या भाषेतलं, इंग्रजी अक्षरांत, आणि काना-मात्रा सांभाळून अगदी निर्दोष लिहिलेलं. ह्या ऑफिसात असं क्वचित दिसायचं.

अकराच्या अकरा हजर होती. म्हणजे मुखवट्यांचा दोष नाही, आणि चाचणीत तर राखण वाजलेलं. तीच आवृत्ती, तोच शिक्का. इथे किंचाळली आणि तिथे मुकी झाली.

४

मंगळवारी सकाळी मास्तर नेत्रपेढीत गेले. बरोबर पाहुणा होता. गावोगावच्या दवाखान्यांत राखण बसवणं हे त्याचं काम असल्यामुळे तो ऑफिसात महिन्यातून एकदा, पाहुण्यासारखा यायचा आणि पाहुण्यासारखाच चहाची वाट बघत बसायचा.

"मी आवाज बंद केला नव्हता," तो जिन्यातच म्हणाला. "आधीच सांगून ठेवतो. लोकांना वाटतं, पाहुणाच आवाज बंद करून आला असेल."

"कुणी म्हटलं असं?"

"अजून नाही. म्हणतील."

"बसवताना काय केलंस, ते सांग."

"काय करायचं असतं त्यात! जुनं राखण होतंच सात वर्षांपासून. त्याच्यावर नवं चढवलं. 'पुढे', 'पुढे', 'पुढे', 'झालं'. ठिपका हिरवा दिसला, सही घेतली, निघालो."

"वाजवून बघितलं नाहीस?"

पाहुण्याने मास्तरांकडे दयेने पाहिलं. "मास्तर, दवाखान्यात वाजवून बघायचं म्हणजे आधी तीन जणांची परवानगी. ताईंनी तपासलेलं असतं की."

डॉक्टरीणबाई त्यांना कपाटाच्या खोलीत घेऊन गेल्या. कपाट दुरुस्त झालं होतं, रिकामं होतं आणि सुरेख गार होतं. त्यांनी संगणक उघडून दिला आणि खुर्चीमागे उभ्या राहिल्या.

राखणच्या नोंदवहीत नवं काही नव्हतं. पण पाहुण्याला एक गोष्ट माहीत होती: संगणकाची जी मूळ सिस्टीम असते, तीही स्वतःची डायरी लिहिते. "राखण स्वतः किंचाळत नाही, मास्तर. त्याला तेवढा अधिकारच नाही. ते फक्त सिस्टीमला कळवतं. सिस्टीमकडे एक रजिस्टर असतं: राखणकडून निरोप आला तर त्यांच्यातल्या अमक्याला बोलवायचं. मग तो अमका येतो, ठिपका लाल करतो, खिडकी उघडतो, भोंगा वाजवतो."

त्याने डायरी उघडली. रविवारपासून सोमवार सकाळपर्यंतची पानं एकाच ओळीने भरली होती. ती ओळ तिथे दोनशे साठ वेळा होती. सिस्टीमने बोलावलं होतं, निरोप आल्या आल्या, प्रत्येक वेळी. आणि प्रत्येक वेळी लिहून ठेवलं होतं की ह्या नावाचा कुणी सापडला नाही. नाव तीन अक्षरांचं होतं. एच, ए, के.

"हक?" मास्तर म्हणाले. "हक सापडला नाही?"

मागून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला. "आमचे चौदाही पेशंट हेच म्हणतायत."

५

दुपारी डबा खाताना मास्तरांनी ताईंना विचारलं, "राखणमध्ये हक नावाचा काही भाग आहे का हो? एच-ए-के?"

ताईंचा घास हातातच राहिला. "कुठे दिसलं हे?"

"नेत्रपेढीच्या सिस्टीमच्या डायरीत. सिस्टीम त्याला बोलावतेय आणि तो येत नाहीये. कुणीतरी अर्धवट लिहिलेलं दिसतंय. हक्क लिहायचं असेल तर दोन के हवेत."

ताईंनी घास परत डब्यात ठेवला. "अण्णांना विचारा," त्या म्हणाल्या. "नावं त्यांनी ठेवली होती." आणि भूक नाही म्हणून उठून गेल्या. मास्तरांना वाटलं, बिचारीला काळजीने अन्न जात नाही.

राखणचा मूळ कर्ता म्हणजे अण्णा. वर्षभरापूर्वी निवृत्त होऊन मुलीकडे राहायला गेलेले. बुधवारी मास्तर पोचले तेव्हा ते गच्चीवर, उलट्या बादलीवर बसून कुंड्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होते. ऐकू कमी यायला लागलं होतं, त्यामुळे आवाज चढा.

"एच-ए-के? ते हक नव्हे हो, हाक! हाक मारतो आपण, ती. सिस्टीमने हाक मारली की ओ देणारा भाग. माझा सगळ्यात लाडका."

"मग दोन ए नकोत का? हा ला काना आहे."

"आमच्या वेळी नावाला आठ अक्षरांच्या वर जागा नसायची. स्वर जपून वापरायची सवय लागली. मी कुठेही एकच ए लावायचो."

"हाक चार अक्षरांत बसली असती, अण्णा."

"बसली असती. पण मग सवय मोडली असती." अण्णा हसले. मग थांबले. "का? काय झालं तिला?"

मास्तरांनी सांगितलं. चौदा बाटल्यांपाशी अण्णांनी हातातली चिठ्ठी खाली ठेवली.

"त्या मुखवट्यांच्या पोराला मी कितीदा बजावलं होतं, हाकेला धक्का लावू नकोस म्हणून. सिस्टीम तिला नावाने ओळखते. नाव बदललं तर सिस्टीम हाक मारत बसेल जन्मभर."

"पण मग ताईंच्या मशीनवर कशी वाजली?"

"कोऱ्या मशीनवर?" अण्णांनी विचार केला, फार वेळ लागला नाही. "वाजणारच. पहिल्यांदा बसवताना राखण सिस्टीमला आपलं नाव सांगतं आणि रजिस्टरमध्ये लिहून घ्यायला लावतं. मुखवटा चढवलेला असेल, तर मुखवट्याचंच नाव सांगेल. ब७ म्हणेल. सिस्टीमला काय, ती ब७ ला बोलावेल, ब७ येईल. पण जिथे आधीपासून नोंद आहे, तिथे नव्याने नोंदवायचं नाही, असं मीच लिहून ठेवलंय. एका दवाखान्यात दोनदा नोंद झाली आणि भोंगा डबल वाजायला लागला. परिचारिकांनी माझा उद्धार केला होता."

म्हणजे जुन्या मशीनवर सिस्टीम जुन्या नावाने हाक मारत होती आणि आत त्या नावाचं कुणी उरलेलं नव्हतं. कोऱ्या मशीनवर हा घोटाळा दिसूच शकत नव्हता. चाचणी कोऱ्या मशीनवरच करावी, असं ज्या पुस्तकात लिहिलं होतं, त्याचा लेखक गच्चीवरच उभा होता. मास्तर उन्हातून बाजूला सरकले.

"पण हाक वगळयादीत होती," ते म्हणाले. "मी डोळ्यांनी बघितली. सोमवारी. शुद्ध लिहिलेली होती."

"शुद्ध म्हणजे?" अण्णांनी कानामागे हात धरला.

"दोन ए."

अण्णांनी कानामागचा हात खाली घेतला. "मी दिलेल्या यादीत एकच होता," ते म्हणाले, आणि ह्या वेळी आवाज चढा नव्हता.

६

गुरुवारी सकाळी मुखवटेवाल्याने वगळयादी उघडली आणि तिच्याकडे टक लावून बघितलं.

"ह्या नावाचा भागच नाहीये राखणमध्ये," तो सावकाश म्हणाला. "यंत्राला दोन ए वाली हाक वगळायला सांगितलंय. ती कुठेच सापडली नाही, म्हणून त्याने एक ए वालीला मुखवटा चढवला."

"यंत्र काही बोलत नाही अशा वेळी?"

"बोलतं की. इशारा देतं." त्याने मान खाली घातली. "रोज चारशे इशारे देतं. ते वाचत बसलो तर..."

"चारशेपैकी हा एक होता."

"हो."

हुशारी त्याच्या तोंडावरून उतरली होती आणि तो एकदम दहावीतल्या मुलासारखा दिसत होता. मास्तरांना त्याची कीव आली, पण प्रश्न राहिलाच होता. "हा दुसरा ए कुणी घातला?"

"ते कळेल. प्रत्येक बदलाचा इतिहास राहतो. कुणी केला, कधी केला." त्याने दोन कळा दाबल्या आणि खुर्ची मागे सरकवली, मास्तरांना वाचता यावं म्हणून.

मंडळाच्या तपासणीच्या आदल्या आठवड्यातली नोंद होती. यादीतली एक ओळ बदललेली. एक ए वाढवलेला. बदल करणाऱ्याच्या जागी चाचणीताईंचं नाव होतं.

७

साहेबांपर्यंत बातमी पोचायला दहा मिनिटंही लागली नाहीत. तिसरा मजला लहान होता.

"सहीही तिची आणि खाडाखोडही तिची," साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटकेचा आनंद होता आणि त्यांनी तो लपवायचा कंटाळा केला होता. "लिहा, मास्तर. दोन पानांत आटपा."

मास्तर ताईंच्या टेबलापाशी गेले. त्या आपला खण आवरत होत्या.

"ताई, त्या यादीत तुम्ही अक्षर वाढवलंत?"

"इतिहासात आहे ना तसं?"

"आहे. का वाढवलंत?"

ताईंनी खणातून कागदांना भोकं पाडायचा पंच काढला, पुसला, पिशवीत ठेवला. "मास्तर, नऊ वर्षं मी इथे आहे. आपल्या मनाने मी कधी एक स्वल्पविराम तरी बदललाय?"

"मग?"

"मग काही नाही." त्यांनी पिशवीचा बंद ओढला. "तपास तुमचा आहे."

मास्तर जागेवर येऊन बसले. तपासणीचा आदला आठवडा. त्या आठवड्यात काय होतं? धावपळ होती. मंडळाच्या नजरेला पडणारा प्रत्येक कागद शुद्ध असला पाहिजे, असं साहेबांनी फर्मान काढलं होतं आणि एकसष्ट पानांचा गठ्ठा मास्तरांच्या टेबलावर येऊन आदळला होता. याद्या, तक्ते, टिपा, काय काय. मास्तर स्क्रीनवर दुरुस्त्या करत नाहीत. छापलेल्या कागदावर, लाल पेनाने, समासात खूण करून करतात. मग ज्याला सवड असेल तो त्या संगणकात उतरवतो. त्या वेळी सवड कुणालाच नव्हती. निम्मा गठ्ठा ताईंनी आपणहून उचलला होता. "द्या इकडे, मास्तर. तुमचं अक्षर मला एकटीला लागतं."

मास्तरांनी सगळ्यात खालचा खण ओढला. जुने दुरुस्त कागद ते टाकत नसत. एकसष्ट पानं होती. चौतिसावं पान म्हणजे अकरा नावांची यादी, प्रत्येकापुढे एक ओळ माहितीची. दहा इंग्रजी नावांना लाल पेन लागलं नव्हतं. अकराव्याला लागलं होतं. एच आणि ए यांच्या पुढे खालून वर गेलेली काकपदाची टोकदार खूण, तिच्या डोक्यावर एक ए, सुबक, वळणदार, आणि समासात बारीक अक्षरांत टीप: 'हाक. काना राहिला आहे. कृपया शब्दांची हेळसांड नको.'

संगणकात ह्या कागदाचा मागमूस नव्हता. तो फक्त त्यांच्या हातात होता, आणि आजूबाजूला कुणी बघत नव्हतं.

८

शुक्रवारी पावणेबाराला मास्तरांनी अहवाल साहेबांच्या टेबलावर ठेवला. वर चौतिसावं पान टाचलेलं.

साहेबांनी ते वाचलं. मग अहवाल वाचला. मग परत ते पान.

"छान," ते म्हणाले. "भाषा नेहमीप्रमाणे उत्तम. पण ह्याचा उपयोग नाही, मास्तर."

"का?"

"मंडळाच्या फॉर्ममध्ये जबाबदार व्यक्तीच्या नावापुढे नोंदणी क्रमांक लागतो. तुमचा आहे?"

"नाही."

"माझा आहे. मुखवट्याचा आहे. ताईंचा आहे. पुस्तकं लिहिणाऱ्याला मंडळ क्रमांक देत नाही. तुम्हाला चूक करायची परवानगीच नाही हो." साहेब स्वतःच्या विनोदावर थोडं हसले. "मी काही तुमचं मन मोडत नाहीये. फॉर्म तसा आहे."

"मग तुमचा क्रमांक घाला. मुखवटे चढवायचे, ते ताबडतोब चढवायचे, इशारे वाचायला माणूस द्यायचा नाही, हे निर्णय तुमचे."

साहेबांनी खोलीतल्या तिन्ही खिडक्या बंद आहेत ना, ते एकदा बघून घेतलं.

"म्हणजे कंपनी बंद. अठरा घरं रस्त्यावर. आणि समोर माझा मेहुणा पेढे वाटणार," साहेब म्हणाले. "एका बाईची पाच वर्षं की अठरा जणांची नोकरी, साधा हिशेब आहे. तुम्ही भावनेच्या भरात आहात." त्यांनी टाचणी काढली आणि चौतिसावं पान वेगळं केलं. "ह्याची दुसरी प्रत आहे?"

मास्तर बावीस वर्षांत साहेबांशी एकदाही खोटं बोलले नव्हते. ती सवय आत्ता नडणार, हे त्यांना दिसत होतं.

"नाही," ते म्हणाले.

साहेबांचा हात टेबलाखालच्या टोपलीकडे वळला. मास्तरांनी पुढे वाकून त्यांच्या बोटांतून कागद ओढून घेतला. फार देखणं दृश्य नव्हतं. दोघांचंही वय झालं होतं, पेनांचा पेला लवंडला, आणि साहेब "अहो! अहो!" एवढंच म्हणू शकले. कागदाचा एक कोपरा त्यांच्या हातात राहिला. त्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

तासाभराने मास्तर नेत्रपेढीत, डॉक्टरीणबाईंच्या समोर बसले होते. बाईंनी कागद आणि अहवाल दोन्ही वाचून काढले. काही कळलं नाही तिथे विचारलं, आणि मास्तरांनी समजावलं: रजिस्टर, हाक, मुखवटा, कोरी मशीन, पान एकोणचाळीस. काही गाळलं नाही.

"मी चौदाही जणांना फोन केले," बाई म्हणाल्या. "तांत्रिक कारण म्हणून सांगितलं. एक आजोबा आहेत, सुतार होते. म्हणाले, 'हरकत नाही बाई, तंत्र सुधारलं की कळवा.' आता त्यांना काय सांगू? एक अक्षर शुद्ध होतं म्हणून?"

बाईंनी चौतिसावं पान परत हातात घेतलं.

"तुम्ही हे कशाला घेऊन आलात?"

"ताईंनी काही केलेलं नाही."

"ते कळलं मला. मंडळाला लिहिते मी. त्यांच्याविरुद्ध आमची तक्रार नाही, कंपनीविरुद्ध आहे." बाईंनी कागद फाइलला लावला. "आणि तुमच्याविरुद्ध कुठे करायची असते तक्रार?"

"त्याला फॉर्म नाही," मास्तर म्हणाले.

९

सहा आठवड्यांनी मंडळाच्या कचेरीत, व्हरांड्यातल्या बाकावर, मास्तरांना चाचणीताई दिसल्या. साहेबांनी फॉर्मात ताईंच्या नावावर घातलेला ठपका मंडळाने काढून टाकला होता. आज त्यांना तसं पत्र मिळायचं होतं. मास्तरांना हे डॉक्टरीणबाईंकडून कळलं होतं. मास्तरांना वेळ भरपूर असायचा आता. साहेबांनी त्यांना त्याच शुक्रवारी घरी पाठवलं होतं.

ताईंनी बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली. मास्तर बसले.

"कुठे आहात सध्या?" त्यांनी विचारलं.

"मेहुण्याकडे. पहाऱ्यात."

"तिथे कसं आहे?"

"तसंच. माणसं वेगळी, चुका त्याच. कोड आपलंच आहे ना."

मास्तर हसणार होते, पण ताई हसत नव्हत्या.

"मंगळवारी डबा खाताना तुम्ही हक म्हणालात," ताई म्हणाल्या, "तेव्हाच मला कळलं. समासातली ती टीपसुद्धा आठवली, हेळसांड नको."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? नाव माझं, कागद तुमच्याकडे. मी बोलले असते तर तुम्ही त्याच दिवशी कागद शोधला असतात." त्या समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. "आणि फाडला असतात. असंच धरून चालले होते मी. बुधवारी घरी सासूबाईंना सांगूनही टाकलं, नोकरी गेली म्हणून. मोठीचा क्लास बंद केला. म्हटलं, उगाच आशा कशाला लावून घ्यायची."

मास्तरांनी हातातल्या छत्रीची मूठ फिरवली. खरं म्हणजे एवढ्यावर गप्प बसता आलं असतं.

"गुरुवारी मी तो फाडायला घेतला होता," ते म्हणाले. "वरून दोन बोटं फाटलाही. मग थांबलो."

ताईंनी पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. "का थांबलात?"

मास्तरांनी आठवून बघितलं. खण उघडा होता. पलीकडे कुणीतरी फोनवर बोलत होतं. त्यांच्या डोक्यात तेव्हा चौदा माणसं नव्हती, ताईंच्या मुली नव्हत्या, न्याय वगैरे तर नव्हताच.

"माहीत नाही," ते म्हणाले.

"हे बरं झालं," ताई म्हणाल्या. "काही चांगलं कारण सांगितलं असतंत, तर माझा विश्वास बसला नसता."

आतून शिपायाने ताईंचा नोंदणी क्रमांक पुकारला. त्या उठल्या, पदर सारखा केला आणि पत्र घ्यायला आत गेल्या. मास्तर बाकावर बसून राहिले. त्यांना कुणी बोलावलेलंच नव्हतं.